उलटा घसारा

वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा देवावर विश्वास नसला तरी चालतं. घसाऱ्यावर मात्र असावाच लागतो. तुम्ही टेबलाकडे बघता तेव्हा तुम्हांला टेबल दिसतं. आम्हांला दहा टक्के घसारा वजा जाता उरलेलं टेबल दिसतं. मोटारीला हाच घसारा पंधरा टक्के, आणि तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. त्यामुळे मोटार कधी पुरती शून्यावर येत नाही, पण तिचं तोंड कायम शून्याकडेच असतं. साधारण आपल्यासारखंच.

नवी कोरी गाडी शोरूमच्या फाटकापाशी येते, मालक चाकाखाली लिंबू ठेवतो, लिंबू चिरडतं, आणि त्या लिंबाबरोबर गाडीची पन्नास-पाऊणशे हजारांची किंमतही चिरडली जाते, हे बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मालक हौसेनं पेढे वाटत असतो आणि आम्ही पेढा तोंडात धरून मनातल्या मनात वजाबाकी करत असतो. वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, या एका वाक्यावर माझी पदवी, माझी नोकरी आणि माझा एकंदर जगाविषयीचा अंदाज उभा आहे. त्यामुळे काही मोटारींचा घसारा उलटा चालतो, म्हणजे त्या जितक्या म्हाताऱ्या होतात तितक्या महाग होतात, हे जेव्हा मला कळलं तेव्हा सासूनं सुनेच्या हातचं पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतल्याचं ऐकावं तसं मला झालं.

बरं, या मोटारी राजेमहाराजांच्या रोल्सरॉइस वगैरे असत्या तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा. पण या निघाल्या जपानी! आमच्या आजोबांच्या पिढीत 'जपानी माल' या शब्दाचा अर्थ स्वस्त, गोंडस आणि दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असा होता. त्या जपानच्या पन्नास-पन्नास वर्षांच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या आज घासूनपुसून, पत्रा बदलून, इंजिन खोलून पुन्हा उभ्या करतात आणि लोक त्यांना घराची किंमत मोजतात. घर म्हणजे आमचं नव्हे. आमच्यासारखी पंचवीस-तीस घरं.

ही बातमी माझ्यापर्यंत आणली माझ्या भाच्यानं. हा ताईचा थोरला. कॅलिफोर्नियात इंजिनियर आहे. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की माझी सायकल उलटी करून तिची चेन काढत असे आणि रडत परत बसवत असे. पुढे अमेरिकेत गेल्यावर तिथे उलटं करण्याजोगं बरंच सामान मिळालं. सहा वर्षांपूर्वी त्यानं एक मोटार घेतली आणि मला व्हिडिओवर दाखवली. मी दहा मिनिटं त्या पडद्यावर मोटार शोधत होतो. गॅरेजमध्ये एक गंजलेला पत्रा, त्याखाली विटा, आणि शेजारी अभिमानानं उभा असलेला भाचा एवढंच दिसत होतं.

"मामा, दोनशे चाळीस झेड आहे. डॅटसन. बहात्तर सालची," तो म्हणाला.

"चांगली आहे," मी म्हटलं. नवजात मूल आणि दुसऱ्याची मोटार यांच्याबद्दल दुसरं काही बोलायचं नसतं.

पण नंतर मी या डॅटसनच्या मागे लागलो, आणि पहिल्याच पानाला मला गहिवरून आलं. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन आश्रयदात्यांची आद्याक्षरं मिळून झाली 'डॅट'. पुढे छोटी मोटार काढली तेव्हा ती डॅटचं लेकरू म्हणून तिचं नाव ठेवलं डॅटसन. इंग्रजीत 'सन' म्हणजे मुलगा. पण या मुलाच्या स्पेलिंगमध्ये 'ओ' होता, आणि जपानी भाषेत 'सोन' म्हणजे चक्क तोटा! स्वतःच्या मालावर 'तोटा' असं कोरून तो विकायला काढणारा व्यापारी आजवर जन्मलेला नाही. १९३० च्या दशकात मंडळींनी 'ओ' काढला, 'यू' बसवला, मुलाचा सूर्य केला आणि तोटा टाळला. एक अक्षर बदलून ताळेबंद सुधारल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आमच्या अभ्यासक्रमात असतं तर मी प्रथम वर्गात आलो असतो.

ही २४०झेड १९६९ साली जपानात निघाली आणि लगेच अमेरिकेला गेली. जपानात तिचं नाव होतं फेअरलेडी. कंपनीच्या अध्यक्षांनी न्यूयॉर्कला 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक पाहिलं, त्यांना ते इतकं आवडलं की मोटारीला तेच नाव दिलं, असं सांगतात. ज्या मूळ नाटकावरून ते संगीत नाटक निघालं, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केलं. तेव्हा अध्यक्षसाहेब त्या सुमारास न्यूयॉर्कऐवजी आणखी काही वर्षांनी मुंबईला आले असते तर 'डॅटसन फुलराणी' रस्त्यावर धावली असती. पण अमेरिकेतला दाढीमिश्यांचा गडी फेअरलेडी नावाच्या गाडीत बसायचा नाही, हे तिथल्या कारभाराचे प्रमुख युताका कातायामा यांनी ओळखलं. गाड्या बंदरावर उतरल्या, आणि त्यांनी फेअरलेडीची अक्षरं काढून २४०झेडची लावून घेतली, अशी कथा आहे. हे कातायामा २०१५ साली वारले, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी. उलटा घसारा माणसांनाही लागू पडतो याचा हा एक दाखला.

तर १९७० साली अमेरिकेत या गाडीची किंमत होती ३,५२६ डॉलर. सहा सिलिंडरचं इंजिन, लांबलचक नाक, दोनच माणसं बसणार, आणि दिसायला युरोपातल्या दुप्पट किमतीच्या गाड्यांच्या पंक्तीत बसेल अशी. गाडी भराभर खपली. शाळामास्तरांनी घेतली, नर्सबाईंनी घेतली, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांनी हप्त्यानं घेतली. आणि मग स्वस्त वस्तूचं जे होतं तेच झालं. लोकांनी ती पावसात ठेवली, बर्फात चालवली, ठोकली, विकली, मोडीत काढली. १९९० च्या दशकाच्या शेवटी खुद्द निस्सान कंपनीनंच अमेरिकेत या जुन्या गाड्या गोळा करून, नव्यासारख्या करून, सुमारे २५ हजार डॉलरला विकून पाहिल्या. पण मोजक्याच गाड्या झाल्या आणि ती योजना आटोपती घेतली.

आणि जानेवारी २०२० मध्ये अशीच एक १९७० सालची, फारशी न वापरलेली २४०झेड इंटरनेटवरच्या लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या भावानं दोन कोटी वीस लाख रुपये!

भाच्यानं ही बातमी मला रात्री पाठवली. खाली लिहिलं होतं, "बघ मामा!" मी बघितलं. मग उठून कॅल्क्युलेटर घेतला. आमची ही म्हणाली, "आता मध्यरात्री काय?" मी म्हटलं, "चक्रवाढ." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका अशा उत्तरानंतर कूस बदलतात. ३,५२६ चे पन्नास वर्षांत ३ लाख १० हजार झाले, म्हणजे साधारण अठ्ठ्याऐंशी पट. दर किती पडला? सव्वानऊच्या किंचित वर, समजा ९.४ टक्के. मी कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि मला शांत झोप लागली. जगातल्या सर्वांत भाग्यवान डॅटसननं, पन्नास वर्षं लाडात राहून, गॅरेजचं भाडं आणि विम्याचा हप्ता धन्याच्या डोक्यावर ठेवून, जो दर कमावला तो एके काळी आमच्या काउंटरवर मुदत ठेवीला सहज मिळत असे. आणि मुदत ठेवीला गंज चढत नाही.

आता या घराण्यातली पट्टराणी कोण, तर टोयोटा २०००जीटी. १९६७ ते १९७० या काळात अवघ्या ३५१ झाल्या. ही गाडी टोयोटानं यामाहाच्या मदतीनं केली. यामाहा म्हणजे आपल्याला मोटारसायकल आठवते, पण या घराण्याचा मूळपुरुष १८८७ साली एका शाळेचा ऑर्गन दुरुस्त करून धंद्याला लागला. त्यामुळे २०००जीटीच्या आतलं लाकूडकाम वाद्यं बनवणाऱ्या शाखेकडून झालं. आपल्याकडे संगीत नाटकाच्या पुढ्यात ऑर्गन असे. तिथे ऑर्गनवाल्यांनी गाडीच्या पुढ्याचं लाकूड घडवलं, एवढाच फरक.

गाडी इतकी बुटकी की १९६७ च्या जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या चित्रपटासाठी शॉन कॉनरी काही तिच्यात मावेना. आपल्याकडे असं झालं असतं तर नट बदलला असता. त्यांनी गाडीचं छप्पर काढलं. गाडी नवी असताना अमेरिकेत तिची किंमत सुमारे ७ हजार डॉलर होती, आणि जपानी गाडीला एवढे पैसे कशाला द्यायचे म्हणून फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही. २०१३ साली त्यांतली एक ११ लाख ५५ हजार डॉलरला विकली गेली, तेव्हा मोटारींच्या बाजारात भूकंप झाला. पुढच्या काही वर्षांत तिच्याच बहिणी दहा लाखांच्या आत गेल्या, तेव्हा भूकंप ओसरल्यासारखा वाटला. आणि मार्च २०२२ मध्ये एक गेली २५ लाख ३५ हजार डॉलरला, म्हणजे एकोणीस कोटींच्या वर. हिचं वैशिष्ट्य असं, की कॅरोल शेल्बी या नामांकित अमेरिकी मोटारवाल्याच्या चमूनं १९६८ साली तिला शर्यतीत उतरवलं होतं. विजेतेपद मिळालं नाही. पण शेल्बीचा हात लागला होता. ही शेल्बीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे मला ती एका बोरमाळेशेजारी ठेवायची आहे.

या गाड्यांचे भाव बघता बघता बाजाराचा एक नियम माझ्या ध्यानात आला. जी गाडी तेव्हा अंगावर पडली तीच आज डोक्यावर बसली आहे. माझदाची कॉस्मो स्पोर्ट घ्या. तिच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाहीत, त्रिकोणी चकत्या फिरतात. १९६७ ते १९७२ या पाच वर्षांत सगळ्या मिळून १,१७६ झाल्या. १९७३ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर तर फक्त १९७. धूर कमी करण्याचे कायदे आले आणि गाडी जन्मताच गुंडाळावी लागली. जिला शर्यतीत जम बसवायलाही सवड मिळाली नाही, तिच्यासाठी आज श्रीमंत लोक रांग लावतात. हे वाचल्यापासून आमच्या शाखेतल्या न खपलेल्या दिनदर्शिका मी फेकू देत नाही.

या स्कायलाइनची आधीची पिढी म्हणजे 'हाकोसुका'. हाको म्हणजे खोका. पुढचा 'सुका' हे स्कायलाइनचं जपानी तोंडातलं लाडकं रूप. खोक्यासारखी चौकोनी गाडी. हिची साधी आवृत्ती भरपूर निघाली आणि जीटी-आर मोजक्या. दिसायला भावंडं सारखीच. मग साहजिकच साध्या स्कायलाइनला जीटी-आरची अक्षरं चिकटवून, मागचे मडगार्ड फुगवून, पोरगी खपवण्याचा धंदा सुरू झाला. ओळखायचं कसं? चासीच्या क्रमांकावरून. साध्या दोन-दारी गाडीचा क्रमांक 'केजीसी१०' पासून सुरू होतो, जीटी-आरचा 'केपीजीसी१०' पासून. मधला एक 'पी'. त्या एका 'पी'पायी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मघाशी 'ओ' काढून तोटा वाचला होता, इथे 'पी' नसला तर तोटा होतो. जपानी माणसाला रोमन अक्षरं एवढी महाग का पडतात, हे एक कोडंच आहे.

शिवाय चासीवरचा आकडा आणि इंजिनावरचा आकडा कारखान्यातून निघताना होता तोच आहे ना, हेही बघतात. दोन्ही जुळले तर सोन्याहून पिवळं. इंजिन दुसऱ्या घरचं निघालं की भाव कोसळतो. छत्तीस गुणांची पत्रिका आम्ही मागे टाकली, ती अमेरिकेत मोटारींनी उचलली.

या सगळ्यात खुद्द जपानचं सरकार काय म्हणतं? ते म्हणतं, म्हातारीला घराबाहेर काढा. तिथे दर दोन वर्षांनी गाडीची कडक तपासणी होते, तिला 'शाकेन' म्हणतात. खर्च भरपूर. शिवाय पेट्रोलची गाडी तेरा वर्षांपुढे गेली की तिच्यावरचा वार्षिक कर सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. साध्या गृहस्थाला जुनी गाडी ठेवणं नको होतं. त्यामुळे धडधाकट गाड्या बोटीत बसून परदेशी जातात.

उलट अमेरिकेचा नियम असा, की जी परदेशी गाडी तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसत नाही ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत देशात आणायची नाही. पंचवीस झाली की खुशाल आणा. हा नियम १९८८ च्या कायद्यातून आला. म्हणजे आपल्याकडे पंधरा वर्षांची गाडी आरटीओच्या दारात 'आणखी पाच वर्षं जगू द्या' म्हणून उभी असते, जपानात तेराव्या वर्षी तिला टोमणे सुरू होतात, आणि अमेरिकेत पंचविसाव्या वर्षी तिला स्थळं सांगून येतात. १९९९ ची स्कायलाइन जीटी-आर २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक तिच्यावर पैसे लावून बसले होते. घोडनवरीसाठी एवढी घाई मी प्रथमच पाहिली.

पण या नव्या मागणीचं मूळ कायद्यात नाही, ते पडद्यावर आहे. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरिअस' हा चित्रपट आला. त्यातली नारिंगी टोयोटा सुप्रा पॉल वॉकरनं चालवली. तीच गाडी पुढच्या भागात सोनेरी रंगात वापरली, मग पुन्हा नारिंगी केली, आणि २०२१ मध्ये ती साडेपाच लाख डॉलरला गेली. याच चित्रमालिकेतल्या २००९ च्या भागातली निळी स्कायलाइन २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. ज्यांनी बोली लावली त्यांनी हे चित्रपट कोणत्या वयात पाहिले असतील? सोळा, अठरा, वीस. भिंतीवर गाडीचं चित्र, खिशात बसभाडं. अठराव्या वर्षी जी मिळाली नाही, ती पंचेचाळिसाव्या वर्षी व्याजासकट विकत घेतात. लिलावात हातोडा पडतो तो गाडीवर नव्हे. एका जुन्या इच्छेचं खातं तिथे बंद होत असतं. आणि म्हणूनच हा बाजार मला जरा नाजूक वाटतो. आणखी तीस वर्षांनी ती इच्छा बाळगणारी माणसंच उरली नाहीत, तर गाडी कुणाला हवी असणार? २४०झेड तरुणपणी पाहिलेली माणसं आज सत्तरीत आहेत. गाडीचा घसारा थांबवता येतो, गिऱ्हाइकाचा नाही.

आता पुन्हा भाच्याच्या गॅरेजात येऊ. २४०झेडचा शत्रू म्हणजे गंज. समोरच्या काचेच्या मुळाशी गंज, बॅटरीखाली गंज, पायाखालच्या पत्र्याला गंज, चाकांच्या कमानींना गंज. ज्या प्रांतांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांचा खालून जाळीदार घावन झालेला असतो. ताईच्या चिरंजीवांनी अशीच एक आणली, ११ हजार डॉलरला. पत्रा आणि वेल्डिंग २२ हजार. रंग १२ हजार. इंजिन आणि कार्ब्युरेटरची जोडी ९ हजार. सीटा, काचांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या आणि 'किरकोळ' या सदराखाली १४ हजार. एकूण ६८ हजार डॉलर आणि सहा वर्षांचे शनिवार-रविवार. शनिवार-रविवारांचा हिशेब सूनबाईंकडे आहे. तो मी मागितला नाही.

मग विम्यासाठी मूल्यांकन करणारा आला. तिथे अशा गाडीची किंमत आधी ठरवून घेऊन तेवढ्याचाच विमा उतरवतात. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि आकडा लिहिला : ४८ हजार.

"वीस हजारांचा खड्डा!" मी फोनवर ओरडलो.

"मामा, तू लेजर बघतोयस," तो म्हणाला. "इंजिन चालू करतो, ऐक."

त्यानं इंजिन चालू केलं. फोनमधून मला कुणीतरी घसा साफ करत असल्यासारखं ऐकू आलं. मी "वा!" म्हटलं. मागून ताईचा आवाज आला. ती तिकडे बाळंतपणाला गेली होती. "अरे, पोराला इतक्या वेळा न्हाऊमाखू घातलं नसेल यानं," ती म्हणाली. "मला सांग, ही मोटार आहे का जावई?"

त्यातून आणखी एक गंमत. बाजाराला या सहा वर्षांच्या कष्टांपेक्षा, कुणी हातच न लावलेली, मूळ रंगाची, थोडी ओरखडलेली गाडी जास्त प्यारी. कारण जीर्णोद्धार कितीही वेळा करता येतो, मूळपण एकदाच असतं. हे आपल्याला नवीन नाही. देवळाच्या दगडी खांबाला विश्वस्तांनी ऑइलपेंट दिला की जाणकार हळहळतात, आणि मूर्तीवरचं शेंदराचं कवच गळून आतली जुनी मूर्ती दिसली की गाव लोटतं. पण गंजून भोकं पडलेल्या गाडीला मूळपणा ठेवायचा म्हणजे भोकं ठेवायची का? भाच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक जीर्णोद्धार, दुसरी भंगारवाला.

आता ती बोरमाळ. आमच्या शाखेत सोनेतारण कर्ज देतात. मूल्यांकनाला सराफ येतात, दागिना कसोटीला लावतात, आतली लाख वजा करतात, खडे वजा करतात, आणि उरलेल्या निव्वळ सोन्याचा भाव धरतात. घडणावळ धरत नाहीत. कितीही नाजूक काम असो, सोनाराचे कितीही दिवस त्यात गेलेले असोत, तराजूत त्याचं वजन शून्य. एकदा मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई बोरमाळ घेऊन आल्या. सराफांनी वजन सांगितलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, माझ्या आजेसासूची हाये ती." सराफ काही बोलले नाहीत. फॉर्मवर आजेसासूचा रकाना नसतो. मी काउंटरच्या अलीकडे बसून निव्वळ वजनापुढे आकडा लिहिला.

लिलावाच्या मांडवात मात्र आजेसासूचा रकाना असतो, आणि एकोणीस कोटींतला मोठा वाटा त्याच रकान्यातला असतो. अट एकच : आजेसासूचं नाव कॅरोल शेल्बी असलं पाहिजे, किंवा नातू पॉल वॉकर. १९७२ साली ही डॅटसन हप्त्यानं घेणारा जो कुणी पहिला मालक असेल, त्याची किंमत बाजारात शून्य. सहा वर्षं गंज खरवडणारा भाचाही शून्य. त्याचे ५७ हजार डॉलर म्हणजे शुद्ध घडणावळ, आणि मूल्यांकन करणाऱ्यानं आमच्या सराफांसारखीच तिच्यातली बरीचशी लाख म्हणून वजा केली. हा न्याय की अन्याय, हे मला ठरवता येत नाही. बाजाराला अनोळखी माणसांच्या आठवणी तोलता येत नाहीत, हे मी समजू शकतो. आम्हांलाही येत नाहीत. पण त्यापायी एक नुकसान होतं. ज्या गाड्यांचे भाव कोटींत गेले, त्या रस्त्यावरून गेल्या. त्या आता थंड केलेल्या खोल्यांत चादरी पांघरून असतात, कारण प्रत्येक मैलागणिक किंमत उतरते. मालक त्यांना चालवत नाहीत. त्यांची राखण करतात. शाळामास्तरांना आणि नर्सबाईंना परवडावी म्हणून केलेली गाडीही हळूहळू त्याच वाटेला लागली आहे.

भाच्याची गाडी सुदैवानं तोट्यात असल्यामुळे रस्त्यावर आहे. मध्ये एकानं तिला ६० हजार देऊ केले. मूल्यांकनापेक्षा १२ हजार जास्त! मी त्याला सांगितलं, अरे दे, खड्डा वीसचा आठावर येईल. तो "बघतो" म्हणाला. मराठी माणूस "बघतो" म्हणाला की विषय संपलेला असतो. रविवारी तो आणि त्याची पाच वर्षांची मुलगी समुद्राकाठच्या रस्त्यानं फिरून येतात. नियमाप्रमाणे पोरीची खुर्ची मागच्या सीटवर लावायची, पण या गाडीला मागची सीटच नाही, पुढेच लावतात. तिला ही गाडी 'बाबाची खोकणारी गाडी' म्हणून माहीत आहे. आणखी तेरा वर्षांनी तिच्या डोळ्यांपुढे जी गाडी असेल तिला बाजारात काय भाव येतो, हे आज कुणीच सांगू शकणार नाही.

बोरमाळेच्या बाईंनी कर्जाचं दोनदा नूतनीकरण केलं. व्याज भरत राहिल्या. मी एकदा हिशेब मांडून त्यांना दाखवला, की एवढ्या व्याजात हलकी का होईना, नवी चकचकीत बोरमाळ झाली असती. त्यांनी माझ्याकडे, मी जणू पालेभाजी शिळी आहे म्हटल्यासारखं बघितलं. तिसऱ्या वर्षी सगळे पैसे आणून त्यांनी ती सोडवली. पिशवीचं सील तोडून मी माळ त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "वजन करून घ्या." त्यांनी वजन केलं नाही. मणी मोजले नाहीत. तिथेच काउंटरसमोर गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि मंडईच्या दिशेनं निघून गेल्या.

या व्यवहाराची नोंद कोणत्या खात्यात करायची, हे आमच्या पुस्तकांत दिलेलं नाही. परीक्षेत आलं तर मी हा प्रश्न ऑप्शनला टाकीन.